दोघांचे इलेक्ट्रोपॉप आणि भूमिगत नृत्यवर्तुळ : गाण्यातला गळा ठेवावा की वगळावा?

मध्यरात्र (प्रश्न)
नमस्कार. मी आणि माझी मैत्रीण असे दोघे मिळून इलेक्ट्रोपॉप, म्हणजे यंत्रांच्या ध्वनींवर उभे केलेले पॉप, करतो. ती लिहिते आणि गाते. सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि मिक्सिंग माझ्याकडे असते. आमच्यामागे कोणतेही लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी कंपनी, नाही. अडचण अशी, की ज्या भूमिगत पार्ट्यांतल्या संगीतावर आम्ही वाढलो, तिथल्याच डीजेंना गाणी पाठवली की ‘गाणे छान आहे, पण रात्रीच्या ओघात बसत नाही’ असे उत्तर येते. उलट पॉप ऐकणाऱ्यांना तीच गाणी कोरडी आणि ठेक्याच्या आहारी गेलेली वाटतात. आवाज काढून निव्वळ वाद्यसंगीत द्यावे, असा सल्ला मिळाला आहे. पण शब्द आणि गळा वजा केल्यावर आमचे असे काय उरेल? अशा जोड्यांना नृत्यवर्तुळाने पूर्वी कसे सामावून घेतले, हे जाणकारांनी सांगावे.

जुनी_तबकडी
गाण्यातला आवाज वगळू नका. गाण्याची दुसरी आवृत्ती करा. पूर्वीच्या जोड्यांनी बहुतेक वेळा हेच केले आहे. याझू या ब्रिटिश जोडीचे, म्हणजे व्हिन्स क्लार्क आणि अ‍ॅलिसन मॉये यांचे, ‘सिच्युएशन’ हे गाणे १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या एका गाण्याच्या मागच्या बाजूला, जवळजवळ अडगळीत, प्रसिद्ध झाले होते. फ्रान्स्वा केव्होर्कियन या न्यूयॉर्कच्या डीजेने त्याचे मिक्स, म्हणजे नाचासाठीची नवी मांडणी, केले आणि तेच गाणे अमेरिकेच्या नृत्यसंगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. मॉये यांचा भरदार, ब्लूजच्या वळणाचा गळा त्यातून कुणी काढला नाही. त्याच्या भोवती ठेक्याला मोकळी जागा करून दिली, एवढेच. शिवाय ब्रिटनमध्ये याझूची गाणी डॅनियल मिलर यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या म्यूट या स्वतंत्र लेबलने काढली, ही बाब तुमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पेट शॉप बॉइज या ब्रिटिश जोडीचेही तसेच. ‘वेस्ट एंड गर्ल्स’ प्रथम १९८४ मध्ये बॉबी ऑर्लँडो यांच्या निर्मितीत आले, तेव्हा ते मुख्यतः अमेरिकेतल्या काही क्लबांत चालले. स्टीफन हेग यांच्यासोबत पुन्हा ध्वनिमुद्रित केल्यावर १९८६ मध्ये ते ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

ठेकेदार
वरची उदाहरणे खरी आहेत, पण ती अखेर रेडिओवर जाऊन बसलेल्या गाण्यांची आहेत, आणि प्रश्न भूमिगत वर्तुळाचा आहे. तिथल्या जोड्या पाहायच्या तर अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराकडे पाहावे. हुआन अ‍ॅटकिन्स आणि रिक डेव्हिस यांच्या सायबोट्रॉनने १९८१ मध्ये पहिली तबकडी स्वतःच्याच डीप स्पेस या लेबलवर काढली, आणि तिच्यात आवाज होता. पुढे त्याच शहरातल्या ड्रेक्सिया या जोडीने चेहरे आणि नावे शक्य तितकी पडद्याआड ठेवली आणि समुद्रतळावरच्या एका कल्पित वंशाची कथा बहुतांशी वाद्यसंगीतातून उभी केली. म्हणजे वर्तुळाला गळ्याचे वावडे नाही. मध्येच थांबून लक्ष वेधून घेणाऱ्या गाण्याचे आहे. पॉपमध्ये अंतरा संपला की ध्रुवपद येते आणि ऐकणारा ताणातून सुटतो. नाचणाऱ्याला इतक्या लवकर सुटायचे नसते.

दुसरे असे, की डीजेचे पहिले उत्तर अंतिम मानू नये. शिकागोच्या म्युझिक बॉक्स या क्लबमध्ये डीजे रॉन हार्डी यांनी फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना तबकडी निघण्यापूर्वी टेपवरूनच वाजवली, तेव्हा लोक जागा सोडून गेले. हार्डी यांनी ती त्याच रात्री पुन्हा पुन्हा लावली आणि चौथ्या वेळी तोच जमाव बेभान झाला, असे त्या गटातल्यांनीच नंतर सांगितले आहे. अर्थात असा हट्टी डीजे मिळणे हा नशिबाचा भाग आहे.

मंद्र
थोडे तांत्रिक. ‘ओघात बसत नाही’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की गाण्याला आत शिरायला आणि बाहेर पडायला दार नाही. आरंभी निदान चार मात्रांची सोळा आवर्तने, जमल्यास बत्तीस, नुसती किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि हायहॅट (झांजेचा ठोका) ठेवा. शेवटीही तसेच करा. डीजेला आधीच्या तबकडीचा बेस, म्हणजे खालच्या स्वरांची ओळ, उतरवून तुमचा चढवायला तेवढा अवधी लागतो. पहिल्याच सेकंदाला गळा सुरू झाला, तर तो मागच्या गाण्याच्या सुरावर आदळतो आणि दोन्ही बेसूर वाटतात.

खालचे स्वर, विशेषतः किक आणि बेस, मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखे, ठेवा. मोठ्या स्पीकरांवर अनेकदा डावी-उजवी बाजू एकत्र केली जाते, तेव्हा स्टिरिओत पसरलेला बेस स्वतःलाच खाऊन टाकतो. आणि एक डब आवृत्ती जरूर करा : संपूर्ण कडवी नकोत, एखादी ओळ, तिचा शेवटचा शब्द, त्यावर लांबणारा प्रतिध्वनी. मैत्रिणीचा गळा त्यात पूर्ण गाण्यापेक्षाही अधिक ओळखू येईल.

मध्यरात्र
सर्वांचे मनापासून आभार. आमची सगळी गाणी साडेतीन मिनिटांची आहेत आणि सगळ्यांत गळा पहिल्या दहा सेकंदांत येतो, हे आता ध्यानात आले. प्रत्यक्ष कार्यक्रमाविषयीही कुणी लिहावे, ही विनंती. दोन डीजेंच्या मधे आम्हाला वेळ दिली, तर आम्ही थांबून थांबून गाणी म्हणावीत का?

ठेकेदार
अजिबात नको. गाणी एकमेकांत गुंफून सलग वाजवा, टाळ्यांसाठी जागा ठेवू नका, आणि आधीच्या डीजेला तो कोणत्या वेगावर थांबणार आहे हे अगोदर विचारून घ्या. सुइसाइड या न्यूयॉर्कच्या जोडीवर सत्तरच्या दशकात प्रेक्षक वस्तू फेकत असत आणि तिचे गायक अ‍ॅलन व्हेगा तरीही गात राहत, पण ते प्रेक्षक गिटारची अपेक्षा धरून आलेले होते. तुमच्यासमोरचे लोक ठेक्यासाठीच आलेले असतील, हा तुमचा मोठा फायदा आहे. मैत्रिणीने मात्र उंच मंचाऐवजी यंत्रांच्या शेजारी, तुमच्याच रांगेत उभे राहून गावे. गायिका पुढे आली की लोक नाचायचे थांबून तिच्याकडे तोंड करून उभे राहतात, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या डीजेला ती गर्दी पुन्हा हलवावी लागते.