दोन वंशवृक्ष (ट्री) जुळत नाहीयेत, मदत हवी आहे

मंडळी, वनस्पतींच्या उत्क्रांतीवर काम करणारं कोणी आहे का इथे? एकाच जीनसमधल्या जातींचा वंशवृक्ष बनवतेय, आरबीसीएल आणि मॅटके या क्लोरोप्लास्टच्या (हरितलवकाच्या) जीन्सवरून दोन जाती अगदी शेजारी बसतात, पण आयटीएस हा केंद्रकातल्या डीएनएचा तुकडा घेतला की त्याच लांबलांबच्या फांद्यांवर जातात आणि बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची ते सांगणारा, १०० पैकीचा आकडा) दोन्हीकडे ९५ च्या वर! मला आयटीएसच खरं वाटतं, कारण एकीच्या बियांना पंख आहेत, पानाखाली दाट लव, दुसरीला यातलं काहीच नाही. बहुतेक फुलझाडांत क्लोरोप्लास्ट आईकडूनच येतो म्हणून जुन्या संकरातून एकीचा क्लोरोप्लास्ट दुसरीत गेला असावा, पण नुसतं इनकम्प्लीट लिनिएज सॉर्टिंग (पूर्वजातले जीनचे वेगवेगळे प्रकार जाती वेगळ्या झाल्यावरही मिसळलेलेच राहणं) असेल तर ते वेगळं कसं ओळखायचं? अँजिओस्पर्म्स ३५३ किट (फुलझाडांच्या केंद्रकातले ३५३ जीन्स वाचायचं) हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) जुन्या, तुटक्या डीएनएवर कोणी वापरलंय का? की संकराचा माग काढायला आधी गुणसूत्रं मोजू?