टार्गेटेड औषधं आणि किडनी : किडनीला काही होतंय हे तुम्हाला पहिल्यांदा कशावरून कळलं?

आईला स्तनाच्या कॅन्सरसाठी अबेमासायक्लिब (टार्गेटेड, म्हणजे कॅन्सर वाढवणाऱ्या ठरावीक इशाऱ्यावर नेम धरणारी गोळी) सुरू झालं आणि महिन्याभरात क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी बाहेर टाकते) ०.८ वरून १.१ वर गेलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी डॉक्टर म्हणाले, हे औषध किडनीच्या नळ्यांतून क्रिएटिनिन बाहेर पडायची वाट अडवतं, गाळणी शाबूत असते. सिस्टॅटिन-सी (गाळणी तपासायची दुसरी रक्ततपासणी) करून घेतलं, नॉर्मल! हुश्श. पण पुढे मे महिन्यात याच गोळीने जुलाब लागले. दोन दिवस आम्ही ताकभातावर काढले आणि आकडा आला १.९. या वेळी तो खरा होता, अंगातलं पाणीच आटलं होतं. गोळी थांबवली, सलाईन लावलं, आठवड्याने ताळ्यावर आलं. आता रिपोर्टआधी मी विचारते, लघवी किती वेळा झाली?

तुमचंही लिहा. डोस मात्र कुणी कुणाला सुचवू नका.

▪ बाबा, आतड्याचा कॅन्सर, केमोबरोबर बेव्हासिझुमॅब. कमोडमध्ये फेस दिसायचा, फ्लश केला तरी कडेला चिकटून राहणारा. बाबा म्हणायचे फिनेलमुळे असेल. बीपी १६० झालं तेव्हा कुठे आम्ही फेसाचं बोललो. चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितली. सकाळची पहिली सोडायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत सगळी कॅनमध्ये. कॅन फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी. आईने दिवसभर फ्रिजला हात लावला नाही. लघवीतून प्रोटीन जात होतं, २.६ ग्रॅम, त्याचाच फेस! गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या ज्या इशाऱ्यावर वाढतात, त्याच इशाऱ्यावर किडनीची गाळणीही जगते म्हणे, आणि हे इंजेक्शन तोच इशारा अडवतं. २ ग्रॅमच्या वर म्हणून इंजेक्शन थांबवलं, केमो चालू ठेवली. दीड महिन्यात १.२ वर आलं. क्रिएटिनिन या सगळ्या काळात ०.९, त्यामुळे नातेवाईक सांगत होते किडनी ठणठणीत आहे.

▪ मी स्वतः पेशंट. तोंडाचा कॅन्सर, सेटुक्सिमॅब. भाकरी थापताना बोटं आत वळून बसली, सुनेने एकेक सोडवली. कॅल्शियम कमी निघालं. गोळ्या खाल्ल्या, आकडा ढिम्म. मग कुणाला तरी मॅग्नेशियम सुचलं : ०.९, फारच कमी. हे औषध चालू असताना किडनी मॅग्नेशियम धरून ठेवत नाही, लघवीतून जातं. आणि ते भरल्याशिवाय कॅल्शियम चढत नाही. माझ्या किडनीच्या तपासण्यांत ते नव्हतंच, वेगळं लिहून घ्यावं लागलं. त्याच्या गोळ्यांनी पोट बिघडलं, म्हणून दर आठवड्याला शिरेतून.

▪ इमॅटिनिब (हीही कॅन्सरची टार्गेटेड गोळी), सहा वर्षं. सकाळी पापण्या पुरीसारख्या फुगतात. लघवीत प्रोटीन नाही, किडनी ठीक. सूज म्हणजे किडनीच असं नसतं.

▪ काकांची एक किडनी कॅन्सरमुळे काढलेली, आता पॅझोपॅनिब (टार्गेटेड गोळीच). बीपीची वही नेमाने लिहायचे. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक (दुखण्याची गोळी, किडनीला त्रास देणारी) आणून गुपचूप घ्यायचे! क्रिएटिनिन वाढल्यावर उशीखाली पाकीट सापडलं. सगळा दोष तोवर पॅझोपॅनिबच्या माथी.

▪ कॅनवाल्यांनो, आमच्याकडे दुपारची एक खेप सवयीने कमोडमध्ये गेली. सासरे बोलले नाहीत. रिपोर्ट छान आला, तोच डॉक्टरांना पटेना. परत चोवीस तास. आता त्या दिवशी कॅनचं झाकण दोऱ्याने संडासाच्या कडीला टांगतो.