शब्दचर्चा : स्कॅनरची ‘परमिशन’ म्हणजे परवानगी की अधिकार?

प्रश्न (अमळनेर) : आमच्या शाळेत लिनक्स या संगणक प्रणालीवर जुने दाखले स्कॅन करतो. ‘सुडो’ (प्रशासकाच्या हक्काने आज्ञा चालवण्याची सोय) लावून ‘स्कॅनइमेज’ ही स्कॅनिंगची आज्ञा चालवली की स्कॅनर सापडतो, साध्या खात्यातून सापडत नाही. लिपिक अहिराणीत म्हणाले, “हाई मशीन माले हात लावू देत नही.” त्यांच्यासाठी टिपण लिहिताना मी ‘परवानगी तपासा’ असे लिहिले, तर त्यांनी विचारले, “ती मागायची कोणाकडे?” येथे नेमका शब्द कोणता?

उत्तर (धुळे) : त्यांची शंका रास्त आहे. ‘परवानगी’ फारसी ‘परवाना’वरून आली, आणि आपल्या बोलण्यात ती प्रसंगी मागितली जाते व कोणीतरी माणूस ती देतो. स्कॅनरच्या बाबतीत मात्र मालक, गट आणि इतर यांना काय करता येईल हे लिनक्समध्ये त्या उपकरणासाठी असलेल्या फाइलवर आधीच नोंदलेले असते. तेथे अधिकारांचा आकडा 664 असेल, तर मालक व गट वाचू-लिहू शकतात, इतरांना फक्त वाचता येते. आणि स्कॅनरला आज्ञा पाठवायची म्हणजे लिहिणे आलेच. पांझरा नदीकाठच्या ‘फड’ या सामुदायिक सिंचन पद्धतीत ज्याचे शेत फडात आहे त्याला दर पाळीला पाण्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पाणी वाटणारा पाटकरी ते देतो. तसाच हा गटातून मिळणारा अधिकार आहे. म्हणून मी ‘अधिकार’ लिहीन. ‘मुभा’ फार सैल वाटते, ‘अनुमती’ सरकारी.

हा भेद दुरुस्तीतही उपयोगी पडतो. ‘सीएचमॉड’ या अधिकार बदलण्याच्या आज्ञेने त्या फाइलवर दिलेली सूट तात्पुरती असते, कारण केबल काढून पुन्हा जोडली की फाइल नव्याने तयार होते आणि तिचा क्रमांकही बदलतो. टिकाऊ अधिकार ‘युडेव्ह’च्या (जोडलेली उपकरणे हाताळणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेच्या) नियमात लिहावा लागतो : या उत्पादकाचे, या उत्पादन-क्रमांकाचे यंत्र जोडले की ते ‘स्कॅनर’ गटाकडे द्यावे. मग लिपिकांचे खाते त्या गटात घालावे आणि त्यांनी एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते.

प्रश्नकर्ता : मग ‘परमिशन डिनाइड’ला काय म्हणावे?

उत्तर : तेथे ‘परवानगी नाकारली’ हेच ठेवा, कारण त्या क्षणी प्रोग्रामने खरोखर विचारलेले असते आणि कर्नेलने (प्रणालीच्या गाभ्याने) नकार दिलेला असतो. टिपणात असे लिहा : ‘परवानगी नाकारली असे दिसल्यास आपले खाते स्कॅनर गटात आहे का आणि त्या गटाला लिहिण्याचा अधिकार आहे का, हे पाहावे.’