मदत हवी आहे: डब्यातल्या टोमॅटो-मिरचीचं सार फुटतंय

आम्ही डॅलसला राहतो. इथे क्वेसोत (वितळलेल्या चीजच्या डिपमध्ये) घालतात ते टोमॅटो-हिरव्या मिरचीचे 10 औंसांचे (283 ग्रॅम) चार डबे घरात आहेत. शनिवारी बारा जणांसाठी त्यांचं नारळाचं दूध घातलेलं सार करायचंय.

काल एका डब्याचं करून पाहिलं. पंचवीस मिनिटं उकळूनही फोडी जशाच्या तशा, चमच्याने दाबल्या तरी निसटत होत्या. डब्यावर कॅल्शियम क्लोराइड लिहिलंय, त्यानेच फोडी घट्ट राहतात, म्हणून मग मिक्सरमधून काढून गाळून घेतलं. तो प्रश्न मिटला. पण नारळाचं दूध घातल्यावर दोन मिनिटांत सार फुटलं. वर पिवळसर पाणी, खाली पांढरे कण! डब्यात सायट्रिक ॲसिडही असतं, त्यामुळे आंबटपणा ताज्या टोमॅटोपेक्षा जास्त लागतो. गूळ घातला तर नुसतं गोड झालं. चिमूटभर सोड्याने फेस आला आणि चव पार सपाट झाली.

नारळाचं दूध कॅनमधलं, दाट आहे. फोडणी तूप-जिरं-कढीपत्त्याची. मीठ डब्यातच असतं, वरून घातलं नव्हतं. बेसन लावायचं नाही, सार पातळच हवंय. मुलंही जेवायला आहेत, त्यामुळे तिखट वाढवणारं काही नको. सध्या इथले ताजे टोमॅटो कडक आणि बेचव आहेत, तो पर्याय सुचवू नका, प्लीज.

चार डब्यांना पाणी किती घालू? आणि नारळाचं दूध गॅस बंद करून घालायचं, की आधी थोडं गरम सार दुधात मिसळून मग पातेल्यात ओतायचं?