मदत हवी आहे: मुलीला भेटण्याच्या अटी बदलून घ्यायच्या आहेत

दुसरा_शनिवार:
घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली. महिन्यातले दोन शनिवार, दोन-दोन तास, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट असं ठरलेलं. तेव्हा लेक तीन वर्षांची होती, आता आठची आहे. तिथल्या बुटक्या टेबलाखाली तिचे गुडघे मावत नाहीत. परवा म्हणाली, "बाबा, इथली सगळी कोडी लावून झाली." मला तिला सुट्टीत घरी राहायला आणायचंय. तिची आई म्हणते, सही केलीस ना, आता ते कायमचं. खरंय का? लवकर सांगा, सुट्टीला दीड महिना उरलाय.

टिपणवही:
सही कशावर? आपसातला कागद, की कोर्टात दाखल कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी सहमतीने मान्य केलेल्या अटी? लग्न कुठल्या कायद्याखाली?

रोखठोक:
पोटगी बंद करा. आठ दिवसांत स्वतःहून फोन येईल.

उंबरठा:
अहो, काय सल्ले देताय! थकबाकी चढली की वसुलीची दरखास्त लागते. वर यांच्या अर्जावर पहिला प्रश्न तोच येणार, मुलीचे पैसे का थांबवले? माझ्या भावाने हेच शहाणपण केलं होतं.

रोखठोक:
भावाचं सोडा. माझा स्वतःचा अनुभव आहे.

उंबरठा:
मग भेटतो का मुलगा?

रोखठोक:
ते प्रकरण वेगळं आहे.

दुसरा_शनिवार:
सहमतीचा घटस्फोट, कन्सेंट टर्म्स कोर्टात दाखल. हिंदू विवाह कायदा. पोटगी चालू आहे, थांबवणार नाही.

टिपणवही:
मग कायमचं वगैरे काही नाही. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २६. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही अर्ज करून ताब्याबद्दलचे आदेश बदलून मागता येतात. रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगितलंय, आदेश सहमतीचा असला तरी मुलाच्या हितासाठी बदलता येतो. नुसता काळ पुढे सरकणं हीसुद्धा बदललेली परिस्थितीच.

कलमबहाद्दर:
१९५६ च्या पालकत्व कायद्यात साधारण पाच वर्षांपर्यंतच मूल आईकडे. तुमची आठची. पूर्ण ताबाच मागा!

दुसरा_शनिवार:
ताबा नकोय हो. चार रात्री हव्यात.

सायली_क:
मुलीचं आडनाव बदलता येतं का? बहिणीसाठी विचारतेय.

उंबरठा:
वेगळा धागा काढा ना ताई.

टिपणवही:
चार रात्रीच मागा. ताबा मागितलात की समोरची बाजू बिथरते आणि भेटसुद्धा लांबते. मूळ अर्जासोबत या सुट्टीपुरता अंतरिम अर्ज लावा. आधी दिवसभर घरी, मग एक रात्र, असे टप्पे लिहून द्या. न्यायाधीश मुलीशी एकटीशी बोलू शकतात, तिला काही पढवू नका. आणि तिची आई तयार झाली तर दोघांच्या सहीचा अर्ज सगळ्यात सोपा. एक सांगा, भेटी चुकवल्यात का कधी?

दुसरा_शनिवार:
मधे वर्षभर बदलीमुळे बऱ्याच चुकल्या.

टिपणवही:
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं की राव! समोरचा वकील तिथूनच सुरुवात करणार. बदलीचा आदेश, त्या वर्षातले तिकिटांचे आणि फोनचे पुरावे काढा, आणि अर्जात स्वतःहूनच लिहा.

रोखठोक:
वकील लुबाडतात सगळे.

दुसरा_शनिवार:
बदलीचा आदेश सापडला. तिच्या आईला आधी मेसेज टाकलाय. निळी टिक आली, उत्तर नाही. सोमवारी वकिलाकडे जातोय.