दिद्दा टिकली, रझिया का टिकली नाही?

जुनी_वही: रझिया 1236 मध्ये दिल्लीच्या तख्तावर बसली आणि 1240 मध्ये संपली. काश्मीरच्या दिद्दाने 958 पासून 1003 पर्यंत सत्ता सोडली नाही. आधी मुलाच्या, मग नातवांच्या आडून. शेवटची वीसेक वर्षं उघडपणे स्वतःच्या नावाने. माझ्या मते हा फरक शौर्याचा नाही, आपली माणसं पेरण्याचा आहे. तुंग हा गुरं राखणारा, पत्रं पोचवायला आलेला माणूस. तिने त्याला थेट मुख्यमंत्री केलं. त्याच्यामागे ना घराणं ना जहागीर. तो राणीशी बेइमानी करून जाणार कुठे?

खडूस_वाचक: रझियानेही तेच केलं की! हबशी याकूतला अमीर-ए-आखूर, म्हणजे शाही तबेल्याचा प्रमुख नेमलं आणि तुर्की अमीर पेटून उठले. एकीला तारणारी युक्ती दुसरीला बुडवते, तर कारण वेगळं असणार. शिवाय दिद्दाने नातू मारले, ते सोयीस्कर विसरलात.

वेणूताई: नातवांचं 'राजतरंगिणी' हा काश्मीरचा इतिहास लिहिणारा कल्हण सांगतो, आणि तो लिहितोय 1148-49 मध्ये. पहिल्या दोघांना म्हणे जादूटोण्याने मारलं! त्यावर कितपत विसंबायचं? मात्र तुंगाविरुद्ध ब्राह्मण प्राणांतिक उपोषणाला बसले तेव्हा दिद्दाने सोनं वाटून ते मोडलं, हे पटतं. खजिना हातात होता, हे खरं कारण.

खडूस_वाचक: वा, जादूटोणा खोटा आणि सोनं खरं? कल्हण हवा तेवढाच घ्यायचा होय! बरं, तिसऱ्या नातवाला, भीमगुप्ताला, हालहाल करून मारल्याचंही तोच लिहितो. त्यात जादू कुठे आली?

वेणूताई: भीमगुप्ताचं मान्य. तो खूनच. पण सख्ख्या भावांना मारून गादीवर बसलेल्या सुलतानांना आपण 'मुत्सद्दी' म्हणतो, तेव्हा हा कळवळा कुठे जातो?

जुनी_वही: माहेरही धरा. दिद्दा काश्मीरशेजारच्या लोहर या डोंगरी राज्याची राजकन्या, तिच्या आईचे वडील हिंदू शाही घराण्याचे राजे भीमशाही. पुढे तिने भाच्यांपुढे फळांची रास टाकली: जो जास्त गोळा करेल तो वारस. बाकीचे मारामारीत जखमी झाले. संग्रामराजाने त्यांना आपसात झुंजवलं आणि ओरखडाही न येता सर्वांत जास्त फळं उचलली. गादी लोहर घराण्याकडे गेली.

खडूस_वाचक: वारस निवडायला आधी तख्त टिकावं लागतं. दिद्दाच्या सुरुवातीच्या बंडाळीत तिला मुलाला मठात लपवावं लागलं होतं, आणि ललितादित्यपुरच्या ब्राह्मणांना सोनं देऊन बंडवाल्यांची फळी फोडावी लागली होती. रझियाच्या विरोधात सुभेदार होते, हाताशी फौज बाळगणारे. ते सोन्याने गप्प बसले असते, असं वाटतं तुम्हाला?