17-18 हजार फुटांवरच्या चौकीत राहायची खोली कशी उभी करतात?

घाटवाट (प्रश्न)
सियाचिन आणि पूर्व लडाखच्या फोटोंत जवान फायबरच्या छोट्या हटमध्ये राहताना दिसतात. तिथे पक्कं बांधकाम का करत नाहीत? आणि बुखारीने (खोली गरम करायच्या शेगडीने) गुदमरायचा धोका सगळ्यांना माहीत असताना अजून रॉकेलच का? जाणकारांनी नेमकं सांगावं.

दगडमाती
जिथे रस्ता पोचतो तिथे सिमेंट वापरतात, पण कामाचे दिवस मेअखेर ते सप्टेंबर एवढेच. तापमान 5 अंशांखाली गेलं की काँक्रीट फारच हळू घट्ट होतं. त्यातलं पाणी पुरेशी ताकद यायच्या आत गोठलं तर सुमारे 9 टक्के फुगतं आणि आतून भेगा पाडतं. वरून ठणठणीत दिसतं, पुढच्या उन्हाळ्यात हाताने भुगा निघतो. म्हणून वर जायचं तसं सुक्या दगडांच्या भिंती, दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या आणि पत्रा.

हिमनदीवर तर पायाच घालता येत नाही, कारण खालचा बर्फ सरकतो. तिथे फायबरचे, मध्ये फोम भरलेले पॅनेल बोल्टने जोडतात. बोल्ट मोठ्या डोक्याचेच हवेत, जाड हातमोजे घालून आवळता आले पाहिजेत. उघडा हात गार धातूला लागला तर कातडी चिकटून सोलली जाते. हटची ऊब खाली झिरपली की बर्फ वितळतो आणि हट एका बाजूला कलतो. त्यामुळे जमिनीला फोम हवाच, शिवाय अधूनमधून हट उचलून समपातळीत बसवावा लागतो. दार आत उघडणारं, फावडं आतच. रात्रीत दारापर्यंत बर्फ साचला तर बाहेर ठेवलेलं फावडं काय कामाचं?

जागा निवडणं या सगळ्याहून अवघड. 30 ते 45 अंशांच्या उतारावरून हिमस्खलन जास्त होतं, पण गोळीबारापासून आडोसाही नेमका अशाच उताराच्या पायथ्याशी मिळतो. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचिनच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून 10 जवान गाडले गेले होते.

काजळी
बुखारीबद्दल. उंचावर ठेवलेल्या जेरीकॅनमधून नळीने रॉकेल थेंबथेंब खालच्या भांड्यात पडतं आणि जळतं, धुराडं छतातून बाहेर. सगळी करामत थेंबांच्या वेगात. वेग वाढवला की न जळलेलं रॉकेल भांड्यात साचतं, काजळी धरते आणि मग एकदम भडका उडतो. विझलेली बुखारी गरम असताना त्यात रॉकेल सोडून काडी लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण; आत वाफ भरलेली असते. आधी नळ बंद, भांडं पूर्ण गार, साचलेलं रॉकेल फडक्याने टिपायचं, मगच पेटवायचं.

जीव मात्र बहुतेक वेळा आगीने नाही, कार्बन मोनॉक्साइडने जातो. त्याला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि ही लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असल्याने कुणी मनावर घेत नाही. एकाच हटमधल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखत असेल तर आधी दार उघडा, गोळ्या नंतर. धुराड्याचं तोंड बर्फवृष्टीत तपासत राहायचं, एक झरोका खाली, एक वर, आणि झोपताना बुखारी बंद. थंडी वाजते म्हणून झरोक्यात कापड कोंबणं ही सर्रास होणारी चूक. त्याचा दुसरा तोटा म्हणजे श्वासाची आणि पातेल्याची वाफ भिंतीवर गोठते, सकाळी बुखारी पेटली की टपकते, आणि स्लीपिंग बॅग ओली होते. ओली बॅग तिथे वाळत नाही.

घाटवाट
मग विजेचे हीटर का नकोत?

दगडमाती
जनरेटर डिझेलवरच चालणार. 18 हजार फुटांवर हवेचा दाब निम्मा, त्यामुळे इंजिनाची ताकदही बरीच घटते. इंधनातली बरीचशी उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून वाया जाते. साधं डिझेल तर गोठून फिल्टर तुंबवतं. इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल लडाखसाठी आणलं, त्याने गाड्यांची पुष्कळ सोय झाली. उन्हाची उष्णता साठवून रात्री देणारे तंबू लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी 2021 मध्ये दाखवले. ऊन पडणाऱ्या जागी उत्तम, पण आठवडाभर वादळ असेल तर बुखारी लागतेच.

पातेलं
इंधनाचा मोठा वाटा पाण्यावर जातो, हे कुणी लिहिलं नाही. उणे 20 च्या एक किलो बर्फाचं उकळतं पाणी करायला साधारण 700 किलोज्यूल लागतात. लिटरभर रॉकेलमध्ये सुमारे 35 मेगाज्यूल, स्टोव्ह त्यातले तिसरा हिस्सा पातेल्याला देतो असं धरलं तर जेमतेम 16 लिटर पाणी. ताजा भुसभुशीत बर्फ घेऊ नका, दहा पातेली भरावी तेव्हा एक पातेलं पाणी मिळतं. घट्ट बर्फ फोडून घ्या, आणि तळाशी आधी थोडं पाणी ठेवा, नाहीतर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो.

त्या उंचीवर पाणी 82 अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. कुकरमध्ये 112 पर्यंत जातं. म्हणून कुकरची जादा रबर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह रसदीच्या यादीत लिहायलाच हवेत. नोव्हेंबरात रस्ता बंद झाला की रिंग मागवून येत नाही.